तीन पिवळी आणि मागची सीट

१८ डिसेंबर, गुरुवार

ठरलं! सव्वीस जानेवारीला मागच्या सीटवर मी.

विश्वजीत आपणहून म्हणाला. मी त्याच्या विमानाच्या चाकापाशी उकिडवा बसून ब्रेकची नळी बघत होतो. तो वरून वाकला — "काका, त्या दिवशी माझ्या मागं तुम्ही बसायचं." मी नळीच बघत राहिलो. वर बघितलं असतं तर डोळ्यांतलं दिसलं असतं त्याला.

वीस वर्षं हवाई दलात फिटर होतो. शेकडो विमानं जोडली, पुसली, ढकलली, वर पाठवली. पण शेजारी दुसरं विमान घेऊन आभाळात कधी गेलो नाही. फिटरला कोण नेतो? ते वर, आपण खाली मान वर करून.

घरी सांगितलं. रंगू भाकरी थापत होती. म्हणाली, "आवं, ह्या वयात वर जाऊन काय बगायचं हाय? खालचं बगून झालं का समदं?" भाकरी तव्यावर पडली, उलटली, फुगली. मग हळूच म्हणाली, "स्वेटर घालून जावा."

२० डिसेंबर

ही तिघं कशी आली ते लिहून ठेवतो. पुढं माझ्या ध्यानात राहील न राहील.

तीन पिवळी शिकाऊ विमानं. वय साठीच्या पुढचं — माझ्याहून थोडी लहान. पुढं गोल नाकाड, एकामागं एक दोन सीटा, शेपटीला कापड. फौजेतली पोरं यांच्यावर उडायला शिकली. मग जेटं आली, ही भंगारात गेली. सांगलीच्या विश्वजीतनं ते सांगाडे हुडकून आणले. बापाचा बेदाण्याचा व्यापार, पोराला आभाळाचं वेड. त्याला उडायला शिकवलं जयराजसाहेबांनी. साहेब हवाई दलातून निवृत्त होऊन पाचगणीला असतात. एकाहत्तर वय, पण चालणं अजून परेडचं. मी त्यांच्या हाताखाली होतो. तीन वर्षांपूर्वी कराडात माझ्या दुकानात आले. मी मोटर रिवाइंड करत बसलेलो. दारातूनच म्हणाले, "आकाराम, हात विसरले नाहीत ना?" — मी शटर ओढलं आणि गेलो त्यांच्या मागं.

तिसरी संयोगिता. साताऱ्याची. एरवी प्रवाशांचं मोठं विमान चालवते, सुटी मिळाली की इथं.

सव्वीसला आमच्या गावच्या शाळेवरून जायचं. गावात घरटी एक फौजी. झेंडा वर चढला की तिन्ही विमानं डोक्यावरून — पुढं साहेब, दोन्ही खांद्यांशी दोघं, पंखाला पंख लावून. यालाच फॉर्मेशन म्हणतात.

२४ डिसेंबर

पहाटे कराडच्या धावपट्टीवर धुकं. कृष्णेवरून सरकत आलेलं. तिन्ही विमानं पोटापर्यंत बुडालेली, नुसती पाठ आणि शेपूट वर. घाटाला बांधलेल्या नावा वाटल्या. उसाचे तुरे तेवढे धुक्याच्या वर. वारा नव्हता तरी हलत होते.

दव पुसता पुसता पंखावर हात ठेवून उभा राहिलो. थंडगार पत्रा. पेट्रोल, जळकं तेल, जुनं कापड — या वासात माझी विशी अजून तशीच आहे. कुणी हाक मारली असती तर मी "येस सर" म्हणालो असतो.

२८ डिसेंबर, रविवार

आज जमिनीवरची तालीम. उडायच्या आधी तिघांनी पट्टीवर चालत सगळं करून बघायचं — वळायचं कुठं, बाजूला व्हायचं कुठं, रेडिओवर बोलायचं काय. पुढं साहेब हात पसरून, मागं ही दोघं हात पसरून. वॉचमन लांबून ओरडला, "काय ओ सायेब, विमान उडीवनार का पिंगा घालनार?" संयोगिता एवढी हसली की तिचा एक पंख साहेबांच्या पाठीला लागला. साहेब थांबले. हसले नाहीत. म्हणाले, "आत्ता मेलो आपण दोघं." मग कुणीच हसलं नाही.

चहा पिताना तिनं मला नीट सांगितलं. काही ठाऊक होतं, काही नव्यानं कळलं. बाजूच्यानं फक्त पुढच्याकडं बघायचं. डोंगर नाही, जमीन नाही, पाखरू नाही — पुढचा जाईल तिकडं. आणि पुढच्यानं तिघांच्या वाटचं बघायचं, तिघांच्या वाटचा विचार करायचा. वळायचं तर आधी सांगून वळायचं. या विमानांचं नाक मोठं, पंख खाली. वळताना आपल्याच नाकाआड दुसरा गडप होतो. तो दिसेनासा झाला तर एकच — 'दिसत नाही' म्हणायचं आणि लांब निघायचं. अंदाजानं थांबायचं नाही.

"आमच्या मोठ्या विमानात कोणी जवळ आलं तर यंत्र ओरडतं, काका," ती म्हणाली. "इथं आपणच ओरडायचं."

२ जानेवारी

रंगूच्या माहेरी, माणात. ज्वारी दाण्यात आलीय. तिचा भाऊ बांधावर बसून गोफण फिरवतोय आणि वर भोरड्या. हजार असतील, दोन हजार असतील. सगळ्या मिळून एक काळं लुगडं वाऱ्यावर टाकल्यागत — दुमडतंय, उलगडतंय, जोंधळ्यावर उतरतंय, परत उठतंय. एकीचा धक्का दुसरीला नाही. मी बघतच राहिलो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमी पाखरं बगताय, ती माजी ज्वारी बगत्यात."

जेवायला तीनदा बोलावल्यावर उठलो.

५ जानेवारी, सोमवार

आज दोघंच उडाले. संयोगिताला ड्यूटी होती. साहेब पुढं, विश्वजीत बाजूला. मी पट्टीच्या कडेला, हातात रेडिओचा डबा.

दोन फेऱ्या अशा झाल्या की डोळ्यांत साठवून ठेवाव्यात. पिवळा पंख, निळं आभाळ, मागं आगाशिवाचा डोंगर. तिसऱ्या फेरीला बरोबर माझ्या डोक्यावर आले आणि दोघांचं एक झालं. खरंच एक. चार पंख होते तिथं दोन. कुठलं कुठं सरकलं ते खालून कळत नव्हतं. मग एक इंजिन एकदम किंचाळलं, आणि विश्वजीत साहेबांच्या वरून पलीकडं निघालेला दिसला.

रेडिओवर चकार शब्द नाही. मी डबा कानाला दाबून धरलेला. बोल रे बाबा, दिसत नाही म्हण. काही नाही. नुसती खरखर.

उतरले. साहेब म्हणाले, "हवा छान होती आज." विश्वजीतनं डोक्यावरचं काढलं, केस चिंब ओले. पाणी प्यायला नि गाडी घेऊन गेला. रोज इंजिनावर हात फिरवून जातो. आज नाही.

माझी नजर चुकली असंल. त्र्याहत्तराव्या वर्षी चुकायची नाही तर कधी?

६ जानेवारी

नजर चुकली नाही.

पहाटे चूळ भरताना आठवलं आणि पाणी तोंडातच राहिलं. काल संध्याकाळी सवयीनं विमानं पुसली. साहेबांच्या विमानाच्या उजव्या पंखावर, अगदी टोकाला, वरच्या अंगाला तेलाचे थेंब होते. सात-आठ. बोराएवढे, ताजे. मी केरोसीनचा बोळा फिरवला नि पुढं गेलो.

ही इंजिनं तेल गाळतातच. पण ज्याचं तेल त्याच्याच पोटाखालून मागं जातं. पंखाच्या टोकावर, वरून, कसं पडेल? वरून दुसरा गेल्याशिवाय? आणि लांबून गेला असता तर वाऱ्यानं त्याचा फवारा केला असता. थेंब पडले म्हणजे पुरुषभर उंचीवरून गेला.

दोन विमानांत एक माणूस उभा राहील एवढी जागा. आणि त्याचा एकुलता एक पुरावा मीच चकाचक पुसला. आयुष्यभर डाग दिसला की हात थांबला नाही. कालही थांबला नाही.

९ जानेवारी

कुणाला बोललो नाही. बोललो तर फॉर्मेशन बंद. बंद म्हणजे मागची सीटही गेली.

लिहायला लाज वाटते. पण वहीला काय लपवायचं.

११ जानेवारी

पहाटे स्वप्न पडलं. मी मागच्या सीटवर. आवाज नाही, इंजिन नाही, नुसतं तरंगणं. खाली कृष्णा, तिच्या कडेला ऊस, उसात आमचं घर काडेपेटीएवढं. गच्चीवर रंगू उभी आणि वर बघून स्वेटर हलवतीय. बाजूला दुसरं पिवळं विमान इतकं जवळ की त्याचे रिव्हेट मोजता यावेत. मी हात बाहेर काढला. पत्रा थंड लागला. मोजायला लागलो — एक, दोन, तीन — आणि हाताखाली पत्रा नव्हता. विमानच नव्हतं. कुठं गेलं ते समोरच्याला विचारावं म्हणून पुढं वाकलो, तर पुढची सीट मोकळी.

जाग आली. वाईट वाटलं ते भीतीचं नाही. स्वप्न संपलं याचं.

१२ जानेवारी

विश्वजीतला गाठलं. हँगरमध्ये दोघंच होतो. आडून आडून विचारलं, त्या दिवशी जरा जवळ आला होतास का. तो बोल्टला पाना लावून बसलेला. पाना काही फिरला नाही.

"खालून तसंच दिसतं, काका."

"आणि पंखावरचं तेल?"

माझ्याकडं बघितलं. "तेल कुठंय?" म्हणाला. खेकसून नाही. आपण हरवलेल्या वस्तूची चौकशी करतो तसं.

तेल कुठंय! माझ्या बोळ्यात.

१४ जानेवारी, संक्रांत

विश्वजीतचा माणूस तिळगुळाचा डबा देऊन गेला. आजच्या दिवशी कडू कुठं बोलायचं. उद्या बघू.

१८ जानेवारी, रविवार

साहेबांना सांगून टाकावं म्हणून पाचगणीला गेलो. वाईला एसटी बदलली. घाट चढताना खिडकीत धोमचं पाणी आलं, गेलं, परत आलं, आणि मी मनात वाक्य जुळवत होतो. 'साहेब, विश्वजीतला तुम्ही दिसेनासे झाला होता. त्यानं कळवलं नाही.' साधं आहे.

साहेब फाटकापर्यंत आले. स्ट्रॉबेरीचे वाफे दाखवले. गुडघ्यावर बसून पानं उचलून उचलून दाखवत होते, जुन्या काळी पोरांच्या चुका उचलून दाखवायचे तशी. मग ओट्यावर बसलो. समोर दरी, दरीत ऊन साचलेलं. ते म्हणाले, आभाळात मी आता फार दिवस नाही, ही एक सव्वीस तारीख नीट पार पडली की झालं. म्हणाले, विश्वजीत पोरासारखा आहे. आणि म्हणाले, तुला वर बघायचंय मला, आकाराम, तुझा तो हक्क राहिलाय.

जुळवलेलं वाक्य घाटातच राहिलं.

येताना पेटीभर स्ट्रॉबेरी दिली. रंगूनं एक खाल्ली, तोंड वाकडं केलं. "एवढं लांब गेलासा आन् हे आंबट घिऊन आलासा?"

२२ जानेवारी

रंगूला सगळं सांगितलं. बोळ्यापासून पाचगणीपर्यंत. ती मेथी निवडत होती. मध्ये एकदाही बोलली नाही. ती मध्ये बोलत नाही तेव्हा मला धास्ती वाटते.

शेवटी म्हणाली, "तुमाला बसायला मिळावं म्हणून गप हाय व्हय?"

मी मेथीची एक काडी उचलून मोडत बसलो.

"तुमी बसा. तुमचं समदं बगून झालंया, मीबी अडवायची न्हाई. पर ती साताऱ्याची पोरगी तिसऱ्या इमानात हाय. तिच्या आईच्या दारात उभं राहून काय सांगनार — मला वरनं घर बगायचं हुतं?"

मग उठली, काड्या गोळा केल्या, शेळीला टाकून आली. परत बसली आणि दुसरी जुडी सोडली.

२५ जानेवारी, रविवार

बोललो.

हँगरमध्ये टेबलावर नकाशा, तिघं भोवती, मी फडकं घेऊन मागं. साहेबांनी उद्याचं सगळं सांगितलं आणि विचारलं, कुणाला काही? दर वेळी विचारतात. दर वेळी कुणी काही म्हणत नाही.

मी म्हणालो, "मला."

सगळं सांगितलं. डोक्यावर दोघांचं एक झालं ते. इंजिन किंचाळलं ते. रेडिओ गप्प होता ते. तेलाचे थेंब, आणि ते मी पुसले तेही. म्हणालो, "साहेब, विश्वजीतला तुम्ही दिसत नव्हता. त्यानं तसं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. उद्या तीन विमानं आहेत, खाली शाळेची चारशे पोरं आहेत. पंखाला पंख लावून जाऊ नका."

पत्र्यावर कबुतरांची पावलं वाजत होती.

साहेब नकाशाकडं बघत होते. विश्वजीतकडं त्यांनी बघितलंच नाही. विश्वजीत उठून उभा राहिला. मला वाटलं आता म्हणेल, म्हातारा भ्रमलाय. म्हणायला जागा होती. तो म्हणाला, "काका बरोबर बोलतायत, सर. तुम्ही दिसला नव्हता मला. बोलायला पाहिजे होतं. चूक माझी."

संयोगितानं नकाशाची घडी घालायला घेतली होती, ती तशीच हातात. त्याला म्हणाली, "वीस दिवस, विश्वजीत? उद्या साहेबांच्या दुसऱ्या खांद्याशी मी असणार होते."

साहेबांचा आवाज अगदी बारीक झालेला. म्हणाले, उद्या फॉर्मेशन नाही. एकामागं एक जायचं, मध्ये अर्धा मैल सोडून. मागच्या सीटवर कुणी नाही.

परत येताना विश्वजीतनंच गाडीतून सोडलं. दारात उतरताना म्हणाला, "काका, उद्या मफलर घ्या. मैदानात वारं असतं." त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२६ जानेवारी

झेंडा चढला. पोरं रांगेत. मी मैदानाच्या कडेला, मफलर गुंडाळून.

आधी आवाज आला, नदीकडून. मग साहेब. एकटे. खूप वर, खूप सरळ. ते डोंगराकडं गेले तेव्हा विश्वजीत आला. तो गेला तेव्हा संयोगिता. प्रत्येकाच्या मागं एवढं रिकामं आभाळ, की त्यात एखादं सबंध गाव मावावं.

लोक हिरमुसले. मागून कोणी म्हणालं, तीन रिक्षा गेल्यागत गेली की रं. सरपंच म्हणाले, "नाना, तुमी तर म्हनला हुता बाणावानी येत्यात." मी म्हणालो, बाण मोडला. ते हसले. त्यांना वाटलं गंमत केली.

मी बघत राहिलो. संयोगिताचं विमान उन्हात बारीक होत गेलं, सोन्याच्या कणीएवढं झालं, मग नुसतं ऊन राहिलं. छातीत काहीतरी मोकळं झालं आणि काहीतरी कायमचं गेलं. दोन्ही एकदमच.

घरी आल्यावर रंगूनं मफलर काढून घेतला, घडी घातली. म्हणाली, "तिघंबी उतरली न्हवं?"

उतरली.

२७ जानेवारी

विश्वजीत हँगरला आला नाही. त्याच्या विमानाचं तेल बदललं. साहेबांचा फोन लागत नाही.

२९ जानेवारी

साहेब दारात. ड्रायव्हर घेऊन आले होते. चहा पुढ्यात ठेवला, त्यावर साय धरली तरी हात लावला नाही. म्हणाले, "त्या दिवशी विश्वजीत सरकला नाही, आकाराम. मी वळलो. न सांगता, त्याच्या अंगावर. उन्हामुळं आम्ही बाजू बदलली होती, तो उजवीकडं आला होता. माझ्या डोक्यात तो डावीकडंच होता. तो वर उचलला म्हणून आम्ही दोघं आहोत. रविवारी तुझ्यासमोर हे सांगायला तोंड उघडलं नाही माझं."

ते गेल्यावर विश्वजीतला फोन लावला. विचारलं, चार माणसांत मी तुझ्यावर ढकललं, तू बोलला का नाहीस?

तो म्हणाला, "काका, विमानं लांब लांब उडाली ना? मी साहेबांचं नाव न घेता तेवढंच कसं करावं, ते वीस दिवस शोधत होतो."